फोन वाढवा आता

त्या सकाळी काकांनी शटर वर ढकललं, दोन्ही इस्त्र्यांची बटणं दाबली आणि रोजच्या सवयीने फळीवरच्या फोनवर बोट टेकवलं. आवाज आला नाही.

पुन्हा टेकवलं. मग बोट शर्टाला पुसून टेकवलं. स्क्रीन जागी होती, काकूंनी पाठवलेले निरोप एकाखाली एक दिसत होते, पण फोन बोटाला दाद देईना.

फोन काकूंचा. काकू जाऊन हिवाळा उलटला होता, उन्हाळाही सरत आला होता. दोघांचं मिळून कपडे धुण्याचं आणि इस्त्रीचं दुकान. काका टेबलाशी उभे, काकू दाराशी गिऱ्हाइकांशी बोलायला. सगळी गल्ली त्यांना काका-काकूच म्हणायची, खरी नावं विजेच्या बिलापुरती उरली होती. कपडे तयार झाले की काकू फोन तोंडाशी धरून निरोप बोलायच्या आणि गिऱ्हाइकाला पाठवून द्यायच्या. लिहायचा त्यांना कंटाळा. त्यातला सगळ्यात वरचा निरोप काका रोज सकाळी ऐकायचे. 'बाई, तुमचे पडदे झालेत. हुक वेगळे काढून पिशवीत बांधलेत, ते विसरू नका.' मागे इस्त्रीची वाफ फुस्स करते आहे, आणि ती वाफ काढणारे काका स्वतःच. एवढंच. पण एवढं ऐकल्याशिवाय काकांच्या हाताला कामाचा वेग येत नसे.

काकांनी हात पालथा केला आणि फोनजवळ नेला. इस्त्री किती तापली हे ते असंच बघत, हाताची पाठ खोटं बोलत नाही. फोन तापला होता. आणि तो फळीवर सपाट बसतही नव्हता. टोकाला बोट लावलं की होडीसारखा डुलत होता. एका बाजूने काच उचलली गेली होती, आत नख जाईल एवढी फट पडली होती.

दुसऱ्या कुणी पहिल्यांदा चार्जरची वायर उपसली असती. काकांनी उलट ती नीट बसली आहे ना ते चाचपून पाहिलं.

कारण ती वायर निघाली की सगळं संपलं. धुण्याचा सोडा आणि ब्लीच यांनी काकूंच्या बोटांवरच्या रेघा कधीच पुसून टाकल्या होत्या, फोन बोट ओळखायचा नाही. उघडायला दर वेळी नंबर टाकावा लागायचा. आजारपणात तेही होईना, तेव्हा समोरच्या मोबाइलवाल्याने फोनमध्ये एक सोय करून दिली. चार्जरला लावलेला असेल तोवर स्क्रीन झोपणार नाही आणि नंबर मागणार नाही. चार्जर काढला की झोपणार, आणि झोपली की मागणार. नंबर काकूंनी कुणाला सांगितला नव्हता. 'गिऱ्हाइकांची घरं-दारं आहेत यात,' म्हणायच्या. काकांनी विचारला नव्हता. त्यांना कधी लागलाच नव्हता.

आणि दुसरं कारण मोठं होतं. दुकानामागच्या खोलीत पडून पडून काकू शेवटपर्यंत निरोप पाठवत होत्या. एका संध्याकाळी त्यांनी फोन काकांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "अहो, फोन वाढवा आता." काकांनी बघितलं तर बॅटरीची रेघ लाल झालेली. ते लगबगीने उठले, चार्जर सापडेना, स्क्रीन झोपू नये म्हणून तिच्यावर बोट फिरवत खोलीभर शोधला, दुकानात शोधला, शेवटी सापडल्यावर फोन लावला. परत येऊन म्हणाले, "वाढवायला लावला गं." काकू त्यांच्याकडे बघून हसल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं बोलणंच थांबलं.

म्हणजे बायकोने सांगितलेलं ते शेवटचं काम होतं. काका ते काम अजून करत होते.

खरं तर हे काकूंना अजिबात खपलं नसतं. चार्जिंगच्या बाबतीत त्या सासूसारख्या कडक. वीसच्या खाली जाऊ द्यायचं नाही, ऐंशीच्या वर चढू द्यायचं नाही. ऐंशी झाले की हातातलं काम टाकून वायर काढायच्या. काका आपला फोन रात्रभर लावून ठेवायचे तेव्हा म्हणायच्या, "झोपलेल्याला कुणी भरवतं का हो? पोट फुटेल त्याचं." काकांचे दोन फोन असेच वाया गेले, काकूंचा तोच होता. आता त्याच फोनला काका महिनोन्‌महिने भरवत होते. वीज गेली तरी खंड पडू नये म्हणून त्यांनी एक जुना इन्व्हर्टर आणून टेबलाखाली ठेवला होता. स्वतःच्या चार्जरची वायर तुटली ती तुटलीच, त्यांचा फोन टेबलाच्या खणात कधीचा मरून पडला होता.

मुलगी किती दिवस मागे लागली होती. "बाबा, आईचे निरोप मी माझ्या फोनवर घेते, दहा मिनिटांचं काम." काका म्हणायचे, पुढच्या रविवारी बघू. तिचं बोट चुकून बाजूच्या बटणावर पडलं तर, या भीतीने रविवार पुढे जात राहिला.

"काय काका, पूजा केल्यासारखे काय उभे आहात?" दारात बसचा ड्रायव्हर उभा होता, हातात युनिफॉर्मची पिशवी. जुनं गिऱ्हाईक, डोक्यावर औषधाला केस नाही. "संध्याकाळच्या पाळीला लागेल हा."

"मिळेल," काका म्हणाले. त्यांनी पिशवी घेतली, पण शर्ट किती ते मोजलेच नाहीत. ड्रायव्हर त्यांच्याकडे जरा बघत राहिला आणि गेला.

काकांनी समोर हाक मारून मोबाइलवाल्याला बोलावलं. तो चहाचा कप हातात घेऊनच आला, फळीकडे बघितलं आणि कप बाहेर पायरीवर ठेवून आला.

"काका, हा फोन राहिला नाही, उशी झाली याची."

"स्क्रीन चालत नाहीये. दाबून बसव जरा."

"दाबला तर आपण दोघंही बसू, कायमचे." तो हसला नाही. "पोट फुगलंय याचं. आत गॅस झालाय. सदानकदा शंभरावर, वर इस्त्रीची धग. त्या फुगाऱ्याने काच उचलली, म्हणून बोट लागत नाही. आधी वायर काढा."

"वायर राहू दे. बाकी काय करता येईल ते सांग."

"बाकी काही नाही. नवीन बॅटरी टाकता येईल, पण त्याला ही काढावी लागणार. फोन बंद होऊन चालू होणार आणि पहिला प्रश्न विचारणार, नंबर काय. आहे का नंबर?"

काकांनी वायरचं टोक पुन्हा चाचपलं.

"अंदाजाने टाकून बघण्यातही अर्थ नाही. काही वेळा चुकलं की सगळं आपोआप पुसलं जाईल. काकूंनीच माझ्याकडून तसं करून घेतलं होतं. म्हणाल्या, चोराच्या हाती काही लागायला नको."

"मग वायर न काढता कर."

"चालत्या गाडीचं चाक बदलायला सांगताय तुम्ही." तो खाली वाकून टेबलाकडे, मग भिंतीकडे, मग वर छताकडे बघत होता. टांगलेले कोट, पातळ प्लास्टिकची आवरणं, कोपऱ्यात लोकांच्या चादरींचा ढीग, ब्लीचचे कॅन. वर माणसं राहत होती. "काका, हे पेटलं तर कागद पेटतो तसं नाही पेटत. एकदम पेटतं. मी ताईंना फोन लावतो."

"तिला कामावर त्रास देऊ नको."

"मग तुम्ही काढा वायर, नाही लावत."

काकांनी इस्त्री उचलली आणि एक कॉलर दाबायला घेतली. मोबाइलवाल्याने बाहेर जाऊन फोन लावला.

मुलगी दवाखान्यात औषधांच्या खिडकीत कामाला होती. जेवणाच्या सुट्टीत ती आली ती डबा हातात घेऊनच. तिने फोन बघितला, वडिलांकडे बघितलं.

"काढा ते बाबा."

"काढलं की गेलं."

"गेलं तर गेलं."

"तू म्हणू शकतेस."

"म्हणजे? माझी आई नव्हती ती?"

शर्टाच्या बाहीवर काकांची इस्त्री जरा जास्त वेळ राहिली. त्यांनी ती झटकन उचलली. बाही वाचली होती, पण थोडक्यात. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं, ते मुलीनेही पाहिलं.

"तिने मला सांगितलं होतं फोन वाढवायला," काका म्हणाले. "तेवढं एकच सांगितलं शेवटी. औषध द्या म्हणाली नाही, पाणी द्या म्हणाली नाही. फोनचं सांगितलं."

"आणि तीच म्हणायची ना, झोपलेल्याला भरवू नका?"

त्याच वेळी वीज गेली. इस्त्र्यांचे लाल ठिपके विझले, पंखा फिरत फिरत थांबला. टेबलाखाली इन्व्हर्टर टक्‌ करून वाजला आणि तेवढ्यात फोनची स्क्रीन पापणी लवावी तशी मंद होऊन परत उजळली. काकांचे दोन्ही हात कधी फोनभोवती गेले ते त्यांना कळलं नाही. हाताला आच लागली तेव्हा कळलं.

"श्वास घ्या बाबा," मुलगी हळूच म्हणाली.

काकांनी घेतला. निरोप अजून दिसत होते. पडदेवाल्या बाई सगळ्यात वर.

"तुम्ही काढणार नाही?" मुलीने विचारलं.

"नाही."

"मी काढलेलं चालेल?"

"हात लावलास तर बघ."

"ठीक आहे." तिने फळीखालचं स्टूल ओढलं. काकूंचं स्टूल. त्यावर बसली, चादरींच्या ढिगातून एक चादर ओढली आणि घडी घालायला लागली. "मग मीही इथेच बसते. कामावर कळवते, येत नाही म्हणून. तुम्हाला याच्याजवळ राहायचंय, मलाही राहू दे."

"ऊठ तिथून."

"का? काही होत नाही म्हणताय ना?"

"तमाशा करू नकोस."

"तमाशा कसला? घड्या घालतेय." तिचं डोकं फोनच्या बरोबर खाली होतं. घडी घालताना ती चादरीचं टोक हनुवटीखाली धरत होती, अगदी आईसारखं.

मोबाइलवाला दारात उभा होता. तो आत आला नाही, पण गेलाही नाही. काकांनी त्याच्याकडे बघितलं तर त्याने नजर वळवली. बापलेकीच्या भांडणात कोण पडेल.

वीज परत आली. पंख्याने एक गिरकी घेतली, इन्व्हर्टर पुन्हा टक्‌ करून वाजला. काकांनी इस्त्री हातात घेतली. आपल्या दोघांत जास्त हट्टी कोण, हे त्यांना माहीत होतं. मुलगी त्यांच्यावरच गेली होती, ती उठणार नव्हती. तिला कामावरून बोलावणं येईपर्यंत थांबावं असं त्यांनी ठरवलं.

मग वास आला.

काकांचा अर्धा जन्म वासांवर गेला होता. सुती कापड करपतं त्याचा वास वेगळा, लोकरीचा वेगळा, नायलॉनचा तर लांबूनच कळतो. हा त्यातला कुठलाच नव्हता. गोडसर होता. नखांचा रंग काढायच्या औषधासारखा. दुकानात असलं काही नव्हतं, काकूंनी आयुष्यात नखं रंगवली नव्हती.

त्यांनी वर पाहिलं. फट रुंदावली होती. फोन आपल्या आपण, कुणी न शिवता, हळूच एका अंगावर कलला.

"काका," दारातून मोबाइलवाला म्हणाला. एवढंच म्हणाला.

मुलीने मान वर केली. फोन तिच्या कपाळापासून हातभर होता.

काकांनी इस्त्री उभी केली. तेवढी सवय हाताला होती, ती कशानेही सुटली नसती. मग एका हाताने त्यांनी मुलीला खांद्याला धरून स्टुलावरून बाजूला लोटलं आणि दुसऱ्या हाताने वायर उपसली.

स्क्रीन लगेच गेली नाही. क्षणभर निरोप तसेच दिसत राहिले. काकांनी ओला पंचा दुहेरी करून त्यात फोन उचलला, खाली बघत, जोरात न धरता, तापलेली इस्त्री दुसऱ्या हातात द्यावी तसा. दारातून मोबाइलवाला बाजूला झाला. बाहेर पायरीजवळ वाळूची बादली होती, इस्त्रीच्या दुकानांना ठेवावीच लागते. तिच्यात त्यांनी फोन ठेवला तेव्हा स्क्रीन काळी झाली होती.

"मागे व्हा, मागे," मोबाइलवाला म्हणाला आणि बाजूच्या पोत्यातली वाळू फावड्याने वर टाकायला लागला. दुसरं फावडं पडायच्या आत वाळूतून सुं सुं आवाज आला, पांढरा धूर निघाला, मग एक ज्योत वीतभर वर आली आणि वाळूखाली गेली. येणारी-जाणारी माणसं थांबली. पायरीवरचा चहाचा कप लवंडला.

काका बादलीकडे बघत उभे राहिले. मुलगी त्यांच्याजवळ आली. तिच्या हातात अजून चादर होती, अर्धी घडी घातलेली.

"लागलं का तुला?" काकांनी विचारलं.

"नाही. तुम्हाला?"

"नाही."

त्यांच्या तळहाताला फोड आला होता, तो तिने नंतर पाहिला.

दुपार तशीच गेली. मुलगी कामावर परत गेली नाही. मोबाइलवाल्याने चार्जर, वायर, भिंतीतलं बोर्ड सगळं तपासलं. चार्जरला काही झालं नव्हतं, त्याने तो गुंडाळून टेबलावर ठेवला. बादली कुणी हलवली नाही. काकांनी ड्रायव्हरचा युनिफॉर्म धुवून वाळवून इस्त्रीला घेतला. मुलगी म्हणाली, आज राहू दे. ते म्हणाले, सांगितलंय त्याला.

ड्रायव्हर आला तो बाहेरच बादली बघून थबकला. मोबाइलवाल्याने त्याला हलक्या आवाजात सगळं सांगितलं, पण दुकान एवढंसं, काकांना ऐकू आलंच. 'काकूंचा आवाज होता हो त्यात.'

"आवाज?" ड्रायव्हर आत आला. "काका, आवाज तर माझ्याकडे पडलेत की. मी कधी काही पुसत नाही, बायको ओरडते त्यावरून."

काकांना कळलं नाही.

"मला पाठवायच्या ना त्या," ड्रायव्हर खिशातून फोन काढत म्हणाला. "पाठवलेलं माझ्याकडे येणार नाही तर कुठे जाईल? थांबा." तो अंगठ्याने स्क्रीन वर सरकवत राहिला. मुलगी स्टुलावरून उठली. मोबाइलवाल्याने कपाळावर हात मारून घेतला. इतका वेळ हे आपल्याला कसं सुचलं नाही, असं त्याच्या तोंडावर लिहिलं होतं. सगळ्यांचं लक्ष त्या एका फोनकडे लागलेलं, समोरच्याच्या खिशात बघायचं कुणाला सुचणार.

ड्रायव्हरने फोन टेबलावर, पांढऱ्या चादरीवर ठेवला.

'ड्रायव्हरभाऊ, युनिफॉर्म झाला हो तुमचा. खिशात कंगवा सापडला. तुम्हाला कंगवा कशाला लागतो ते आल्यावर सांगा.' मागे वाफ फुस्स झाली. 'आणि लवकर या, दुकान वाढवायच्या आत.'

"हे बघा," ड्रायव्हर टकलावरून हात फिरवत म्हणाला. "माझी अशी खेचायच्या. आणि पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, दुकान मोठं करताय. म्हटलं, भिंत पाडणार की काय. बायको म्हणाली, अहो, वाढवणं म्हणजे बंद करणं. चांगल्या घरी बंद म्हणत नाहीत."

"दुकानदाराची लेक ती," काका म्हणाले. "तिचे वडील म्हणायचे, बंद म्हटलं की बंदच पडतं. इस्त्रीसुद्धा वाढव म्हणायची. दिवासुद्धा..."

आणि ते थांबले.

मुलीने त्यांच्याकडे बघितलं. मग तिलाही कळलं.

"परत लाव," काका ड्रायव्हरला म्हणाले. त्याने परत लावलं. लवकर या, दुकान वाढवायच्या आत.

त्या संध्याकाळी तिला चार्जर नको होता. तिचं दुकान वाढवून झालं होतं. फोन मिटवा आणि इथे बसा, एवढंच सांगत होती ती, आणि काका खोलीभर चार्जर शोधत फिरले. परत येऊन वर सांगितलं, वाढवायला लावला गं. ती हसली होती. ते हसू काकांनी इतके महिने जपून ठेवलं होतं, काम झालं म्हणून समाधानाने हसली असं समजून. ती त्यांनाच हसली होती. आयुष्यभर हसत आली तशी.

काकांना हसू आलं. मग ते स्टुलावर बसले आणि बराच वेळ कुणाकडे बघितलं नाही. ड्रायव्हर टांगलेल्या कोटांची लेबलं वाचत उभा राहिला. त्याची पाळी सुरू व्हायची वेळ होऊन गेली असावी.

"तुमच्या फोनवर पाठवून देतो काका," तो शेवटी म्हणाला. "एक नाही, खूप आहेत. त्या पडदेवाल्या बाईंकडेही असतील, माझ्याच गल्लीत राहतात. सांगतो त्यांना."

"माझा फोन मेलाय," काका म्हणाले.

"मेला म्हणायचं नाही," मुलगी म्हणाली.

तिने खण ओढला, त्यातून वडिलांचा फोन काढला, त्याच्यावर बसलेली धूळ चादरीच्या टोकाने पुसली. टेबलावर गुंडाळून ठेवलेला चार्जर उलगडला. मोबाइलवाल्याने फोन हातात घेऊन दोन्ही बाजूंनी निरखून पाहिला, सपाट आहे ना ते बघितलं आणि मान हलवली. मग तिने तो लावला, फळीवर नाही, दाराजवळ, मोकळ्या हवेत, इस्त्रीपासून लांब.

बराच वेळ स्क्रीनवर नुसती बॅटरीची रिकामी खूण होती. मग फोन जागा झाला. ड्रायव्हरचे निरोप एकामागून एक येऊन पडायला लागले. काकांनी त्यातला एकही लगेच लावला नाही.

गिऱ्हाइकं आली, गेली. मुलीने डबा उघडला, दोघांनी सकाळचं थंड जेवण त्याच डब्यातून खाल्लं. काकांनी उरलेले कपडे संपवले. मधूनमधून ते दाराशी जाऊन हात पालथा करून फोनजवळ नेत होते.

"सत्तर झाले," मुलगी म्हणाली.

काका स्टूल घेऊन फोनसमोर बसले आणि बसूनच राहिले. आकडा ऐंशीवर आला तेव्हा त्यांनी वायर काढली.

"इस्त्र्या बंद करू, बाबा?"

"वाढव," काका म्हणाले.